साडूंनी साहेबांना पाठवलेलं नाताळचं पत्र

शुभेच्छा खऱ्या मानणारा माणूस कर्जत-खालापूर तालुक्यांत एकच होता, आणि तो माझा थोरला साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. दिवाळीत कुणी ‘भरभराट होवो’ म्हटलं, की साडू त्याचा हात धरून विचारत, “कशाची? भाताची का म्हशीची?” संक्रांतीला तिळगूळ घेऊन आलेल्या चुलतभावाला त्यांनी दारातच सुनावलं होतं, “आधी बांधाचा दगड होता तिथं ठेव, मंग गोड बोलतो.” त्यांच्या स्वतःच्या शुभेच्छाही तशाच असत. माझ्या वाढदिवसाला म्हणाले, “मास्तर, तुजा खोकला जावो आन् बोलनं निम्मं होवो.”

भातशेती सांभाळून ते रसायनीच्या एका कारखान्यात गोदामावर काम करीत. नोकरी तात्पुरती. कायम करायच्या माणसांची यादी साहेब करणार होते, आणि साहेब वसईकडचे ख्रिस्ती. त्यामुळे डिसेंबर लागला की वर्षभर त्यांच्या नावाने बोटं मोडणारी मंडळी कार्डं आणि केक घ्यायला शिळफाट्याच्या बाजारात लोटत. दुकानदारही वस्ताद. दिवाळीची उरलेली कार्डं, पणतीवर कागदी चांदणी चिकटवून, नाताळची म्हणून खपवी.

त्या वर्षी पावसाळ्यात साहेबांची बायको वारली होती. थोरली मेव्हणी मला म्हणाली, “भावजी, तुमी संगं जा. चारचौघांवानी कार्ड घ्याया लावा. दोन पोरींची लग्नं व्हायची हायत.”

मी गेलो. साडूंनी दुकानातलं प्रत्येक कार्ड मला वाचायला लावलं आणि परत ठेवलं. “आनंदाचा सन म्हनं! त्या घरात यंदा आनंद कुठला रं?” शेवटी त्यांनी साधं पोस्टकार्ड घेऊन लिहिलं : ‘साहेब, बाईंच्या मागं हा पयला सन. गोड लागनार नाय. आमच्याकडं जेवाया या. नाय आलात तरी राग नाय.’ मी हात जोडले, नोकरीची आठवण करून दिली. त्यांनी पत्र पेटीत टाकलं.

साहेब आले नाहीत. मार्चमध्ये यादी लागली. केकवाले कायम झाले, साडूंचं नाव नव्हतं, आणि साहेबांची बदली झाली. ते पत्र जणू मीच लिहिलं होतं, अशा रागाने मेव्हणी महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या नाताळात साहेबांचं पत्र आलं. मीच ते वाचून दाखवलं : ‘तुमचं पत्र दाराला कडी लावून वाचलं. खूप रडलो. यादीत तुमचं नाव हवं होतं. पण तुम्ही घरी जेवायला बोलावलंत, म्हणून नाव घातलं असं लोक म्हणतील, या भीतीने घातलं नाही. चुकलो.’

माझं डोकंच फिरलं. मेव्हणी उठून आत गेली. साडू मात्र माझ्याकडे बघून हसले. “मास्तर, बग, खरं लिवनारा आनिक येक गावला. वाच पुन्यांदा.”

ते शेवटपर्यंत तात्पुरतेच राहिले. आता ते नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते. ‘तुम्ही मला फार आवडता’ असं मी त्यांना एकदाही लिहिलं नाही. छापील कार्ड मात्र दर दिवाळीला न चुकता पाठवलं.