गयाबाईंच्या नखांवरच्या उभ्या रेघा

अंजनगाव सुर्जीला गयाबाईंच्या घरी पानमळ्यातली विड्याची पानं टोपल्यांनी यायची. ती निवडायची, सडकं पान बाजूला काढायचं, जास्तीचा देठ अंगठ्याच्या नखानं खुडायचा, हे काम चाळीस वर्षं त्याच करत आल्या होत्या. १९६१ च्या उन्हाळ्यात त्यांना दिसलं, की दाही नखांवर बुडापासून टोकापर्यंत बारीक उभ्या रेघा उठल्यात. बोट फिरवलं तर खरखर लागायचं.

बाजारात जडीबुटी विकणाऱ्या एकानं त्यांचा हात पाहिला आणि म्हणाला, "आतून रोग लागला, बाई. अशा रेघा क्षयाच्या."

गयाबाईंचे मालक पुंजाजी क्षयानंच गेले होते. जडीबुटीवाला बोलला त्या दिवसापासून गयाबाईंनी आपलं ताट-तांब्या वेगळं केलं. मुलगा गोवर्धन यानं विचारलं, तर सोवळं पाळते म्हणाल्या. सून वच्छला हिला मात्र खरं कारण उमगलं.

वच्छलाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा पोट पडलं. पाण्याची घागर आणली की ती उंबऱ्यावर धापा टाकत बसायची, आणि गयाबाई म्हणायच्या, "बसून काहून राहिली? कामचुकार."

ती वच्छलाच म्हणाली, "आत्याबाई, अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात जाऊ. मी येतो संग."

दोघी एसटीनं गेल्या. डॉक्टरीणबाईंनी खोकला, ताप विचारला, छातीचा फोटो काढायला लावला. फोटो पाहून म्हणाल्या, "क्षय नाही तुम्हाला. नखावर उभ्या रेघा वय झालं की येतात, जसे केस पिकतात. त्यानं काही होत नाही."

गयाबाईंनी हात जोडले. वच्छलानं फोटो घ्यायला हात पुढं केला, तशी डॉक्टरीणबाईंनी तिची बोटं धरली. नखं पांढरीफटक होती, मधे खोलगट, कडा वर आलेल्या. त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली.

"ही जेवते काय?"

"पहिले गडीमाणसं जेवतात," गयाबाई म्हणाल्या, "मंग मी. मंग जे उरते..."



"हिच्या अंगात रक्त नाही. मूल कसं टिकणार?" डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

एसटीत दोघी शेजारी बसल्या. दर्यापूर मागं पडलं. मग गयाबाई म्हणाल्या, "तुले कामचुकार म्हणत होतो मी."

 वच्छला खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "ते दोघं राहिले असते, आत्याबाई?"

 गयाबाईंनी मान खाली घातली.

त्या दिवशी घरी पोचल्यावर त्यांनी वच्छलाचं ताट गोवर्धनच्या ताटाबरोबर वाढलं. शेजारणी कुजबुजल्या, गोवर्धनही अवघडला. गयाबाई समोर बसून राहिल्या, ती पोटभर जेवेपर्यंत. गोळ्या संपल्या की स्वतः अमरावतीला जाऊन आणायच्या.

१९६३ च्या दिवाळीनंतर वच्छलाला मुलगी झाली, शालू. बारशाला बायका गयाबाईंना नशीबवान म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत; आधीची न टिकलेली दोन त्या विसरल्या नव्हत्या. पुढं पाच वर्षांनी त्या गेल्या, तोवर घरात सून आधी जेवायची आणि त्या मागून.