दादाने मळवलेली जीप

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारात स्कूटर धूत होतो. हाताला साबण होता, म्हणून बायकोने मोबाइल माझ्या कानाशी धरला. "भावजी, ह्ये गेलं की ओ आमाला सोडून..." फोन वहिनींचा होता. मी "निघतो" म्हणालो. मग आधी स्कूटर धुऊन पुरी केली, फडक्याने कोरडी केली आणि त्यानंतर पेठ वडगावहून कोल्हापूरला निघालो. बायको त्यावरून अजून मला बोलते. बोलू दे. सख्ख्या थोरल्या भावाशी मी पाच वर्षं अबोला धरला होता आणि त्याचं कारण गाडीवरची घाण हेच होतं.

दादा गेल्याला आता दीड महिना झाला. एवढ्यात दादाबद्दल पुष्कळ गोड बोलून झालं आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, हा मातीशी नाळ जोडलेला कलावंत होता. उभं राहून विचारावंसं वाटलं, की पावणं, ती माती तुम्ही जवळून बघितली होती काय? पण वहिनी समोर बसल्या होत्या. आता वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहा असा आग्रह झाला आहे, तर मी गोड लिहिणार नाही, एवढं आधीच सांगतो.

दादा गॅरेजमध्ये पेंटर होता. डेंटिंग झालेल्या गाड्यांना रंग मारायचा. उरलेल्या वेळात तो छोट्या गाड्या बनवायचा, तळहातावर मावतील एवढ्या. पावडरच्या डब्यांचा पत्रा, जुन्या स्लिपरच्या रबराची चाकं, काचेच्या जागी प्लॅस्टिक. पुढचा दिवा बघितला तर त्यात रेघारेघांची काचसुद्धा असायची. सुरुवातीच्या गाड्या चकचकीत होत्या आणि मला फार आवडायच्या, हे कबूल करतो. मग त्याच्या डोक्यात काय भरलं कोण जाणे, पुरी रंगवून झालेली देखणी गाडी तो मळवायला लागला. उसाच्या ट्रॅक्टरला काळी माती, दुधाच्या टेम्पोला वाळलेल्या दुधाचे ओघळ, सायलेन्सरला चुलीतली काजळी. माती कापडातून चाळून घ्यायचा आणि दात घासायच्या ब्रशने उडवायचा. वरून चकाकीचा लॅकर मारायचा नाही, कारण लॅकर मारला की सुकी माती ओली दिसते म्हणे. एवढी अक्कल त्याने चिखल उडवण्यात घातली! मी म्हणायचो, अरे, लोक पैसे देऊन गाड्या धुऊन घेतात. तो नुसता हसायचा. त्याचं ते हसणं मला तेव्हाही सहन होत नसे.

तरी इतर गाड्यांचं मी चालवून घेतलं असतं. आण्णांच्या जीपचं नाही. आण्णा म्हणजे आमचे वडील. सबंध नव्वदचं दशक त्यांनी कोल्हापूर-गारगोटी वडाप चालवलं. जीपमध्ये मावतील त्याच्या दुप्पट माणसं कोंबायची आणि स्टार्टर मारायचा, हा धंदा. गाडी पांढरीशुभ्र. गावाकडे ज्यांच्या घरी आम्हाला चहाचा कप वेगळा मिळायचा, तीच माणसं आण्णांच्या गाडीत मांडीला मांडी लावून बसायची. आण्णांचं म्हणणं एकच होतं : "माझ्या गाडीत बसताना कुणी सीट झटकली न्हाय पायजे." मी सकाळी डोळे चोळत बाहेर यायचो तेव्हा जीप दारात अशी उभी असायची, की बॉनेटमध्ये तोंड दिसावं. माझ्या लेखी आण्णांची इज्जत म्हणजे ती जीप होती. छातीत कळ येऊन आण्णा अचानक गेले, जीप विकली गेली... पण कॉलेजात, नोकरीत, कुठेही कुणी माझ्याकडे वरून खाली बघितलं की मला ते पांढरं बॉनेट आठवायचं आणि मान ताठ व्हायची.

पुढे काही वर्षांनी कोल्हापुरात हौशी लोकांचं एक प्रदर्शन भरलं. दादाच्या गाड्या होत्या, म्हणून मी शिकवतो त्या शाळेतल्या चार मास्तरांना मोठ्या कौतुकाने घेऊन गेलो. आणि मधल्याच टेबलावर आण्णांची जीप! नंबर तोच. चाकांवर तांबडा चिखल, टपापर्यंत शिंतोडे, आणि मागच्या डाव्या खिडकीखाली पान खाऊन थुंकल्याचा लांबच लांब लाल ओघळ. माझ्याबरोबरचे एक मास्तर खाली वाकले आणि हसत म्हणाले, "वा! पिचकारीसुद्धा! अगदी हुबेहूब." माझी कानशिलं तापली. दादाला कोपऱ्यात ओढून विचारलं, "आण्णांची गाडी अशी होती?"

"व्हय."

"मी एकदाही बघितली नाही अशी."

"तू कसा बघशील? तू उठायचास तवा धुऊन झाल्याली आसायची. रोजची थुकी कोण पुसत हुतं? आण्णा आन् मी."

"मग आण्णांनी जन्मभर लोकांपासून जे लपवलं, ते तू ट्यूबलाइटखाली मांडलंस?"

"लपवलं न्हाय लेका, धुतलं," तो म्हणाला.

मी तिथून निघालो तो दादा असेपर्यंत पुन्हा त्याच्या घरी गेलो नाही. माझं म्हणणं तेव्हा होतं ते आजही आहे. तुझ्या गाडीवर थुंकी दिसते, ती पुसणारे कुठे दिसतात? ते हसणारे मास्तर काय घेऊन गेले घरी? ज्यांनी थुंकायचं ते थुंकले, आणि त्यांची आठवण तू ब्रशने रंगवून ठेवलीस. आण्णांच्या हातांची आठवण कुठे ठेवलीस? हे मी त्याला तोंडावर विचारायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. त्यालाही पाय होते की. कोल्हापूर ते पेठ वडगाव काही परदेश नाही. तोही आला नाही... मरेपर्यंत आला नाही, आणि याचा मला अजून संताप येतो.

मागच्या रविवारी वहिनींनी बोलावलं. माडीवरच्या त्याच्या खोलीत गेलो आणि दारातच थांबलो. फळीवर सगळ्या गाड्या लखलखत होत्या. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप, सगळ्या. वहिनींनी निरम्याच्या पाण्यात एकेक बुडवून धुतल्या होत्या. म्हणाल्या, "पाच वरीस ह्या घाणीपायी तुमी उंबरा वलांडला न्हाईसा. म्हटलं, घाणच काढून टाकू, म्हंजे तरी येशीला." मी जीप उचलली. पांढरीशुभ्र, मला हवी होती अगदी तशी. आणि मी त्या बिचारीवर ओरडलो, "कुणी सांगितलं होतं धुवायला?" वहिनी ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, "मग लावा की तुमीच! कुठं काय हुतं ठावं तरी हाय काय?"

ठाऊक होतं. शिंतोडा अन् शिंतोडा ठाऊक होता. डाव्या बाजूच्या मागच्या चाकावर जास्त, पायरीवर वाळून तडकलेला, थुंकीच्या ओघळाला खाली फुटलेले दोन फाटे... पाच वर्षं रोज मनात त्या जीपशी भांडत होतो, विसरणार कसं? खणात दादाने चाळलेली माती पुडीत होती. ती आणि जीप घेऊन घरी आलो. टेबलावर वर्तमानपत्र पसरून डावी बाजू मळवली. थुंकीला कात कालवला. ओघळ ओढताना तोंडाने मी दादाला शिव्या देत होतो, हेही लिहून ठेवतो. मग जीप फिरवली. उजवीकडे ड्रायव्हरचं दार. आण्णांचं दार. त्याच्यावर काही ब्रश चालेना. दोनदा माती घेतली, दोनदा झटकली. शेवटी तशीच ठेवून दिली.

दादाला मी माफ केलेलं नाही. जीप टेबलावर आहे, एका अंगाने बरबटलेली, दुसऱ्या अंगाने पांढरी. काल शेजारचे काका पेपर मागायला आले, चष्मा वर करून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मास्तर, गाडी अर्धीच धुतलीया व्हय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय. दोघं धुत्यात अजून."