गुणाकररावांचा आफ्रिकेचा महिना

गुणाकररावांची आफ्रिका दर वर्षी जूनमध्ये सुरू व्हायची आणि दिवाळीच्या आत पुढच्या वर्षावर जायची. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात हे इतक्या जणांना ठाऊक होतं, की बाजारात भेटणारा माणूस नमस्काराऐवजी "साहब, कब निकल रहे हैं?" असंच विचारायचा. गुणाकरराव हातातली पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "सीझन देख रहा हूँ."

त्यांची बायको चारुलता शेजारी उभी राहून भेंडी निवडत असायची. हे ऐकलं की ती भेंडी जरा जोरात मोडायची.

गुणाकरराव सिंचन खात्यातून उपयंत्री, म्हणजे सब-इंजिनिअर, म्हणून निवृत्त झाले होते. एखादी फाईल त्रुटी न काढता पुढे गेली तर त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. माणूस भला, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आयुष्यात एकच शल्य होतं. बालाघाटात जन्म गेला, आणि त्यांनी वाघ पाहिला नव्हता.

बाकी सगळ्यांनी पाहिला होता. दूधवाल्याने लांजीच्या रस्त्यावर पाहिला होता. साडूभाऊ आडोशाला गेले तेव्हा समोर वाघ बसलेला होता, आणि ही हकिकत ते प्रत्येक लग्नात पंगतीत बसून सांगत. चारुलताची आई एकदाच कान्ह्याच्या जंगलात गेली, जिप्सीत बसल्याबसल्या झोपली, धक्का बसून जागी झाली तर वाघ हाताच्या अंतरावर. "मांजरीवानी होता बापा," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा झोपली. गुणाकरराव गेले की वाघ नुकताच गेलेला असायचा. गाईड त्यांना ओल्या मातीतला पंजा दाखवायचा, आणि ते पंजाचा फोटो काढून घरी यायचे.

"आफ्रिकेत असं नसते," ते म्हणायचे. "तिथं सिंह उघड्यावर बसते. गवत आखूड, झाड एखादं. लपीन त् लपीन कुठं?"

म्हणून निवृत्तीनंतर कॅमेरा आला. त्याच्यासोबत हातभर लांब लेन्स आली, जिला चारुलता तोफ म्हणायची. आणि मग सुरू झाला महिन्याचा शोध.

जानेवारी-फेब्रुवारीत तिकडच्या मैदानांत विल्डबीस्टांना पिल्लं होतात, म्हणजे गाय आणि घोडा यांच्या अधलंमधलं जे जनावर असतं त्याला. हिरवं गवत, स्वच्छ उजेड. पण तेव्हा इकडे लग्नसराई. मार्चपासून मेपर्यंत तिकडे मोठा पाऊस, जीप चिखलात रुतते. जून कोरडा, पण गवत उंच, फोटोत सिंहाचे नुसते कान येणार. जुलै ते ऑक्टोबर हा खरा सीझन. हजारो जनावरं नदी ओलांडतात, खाली मगरी टपलेल्या. पण जुलैत कळप वेळेवर पोचतील याची हमी कोण देणार? ऑगस्टात गर्दी. ऑक्टोबरात कळप परतीला लागलेले. नोव्हेंबरात पुन्हा बारीक पाऊस. डिसेंबरात सगळं जग सुट्टीवर. राहता राहिला सप्टेंबर. तो निर्दोष होता. आणि नेमक्या सप्टेंबरात घरी महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, असायच्या.

सराव मात्र चालू होता. नदी ओलांडण्याचा फोटो जमला पाहिजे म्हणून गुणाकरराव वैनगंगेच्या काठी छत्री आणि तोफ घेऊन बसायचे. समोर पुनारामच्या म्हशी असायच्या. त्या डौलात पाण्यात उतरायच्या, मध्यापर्यंत जायच्या आणि बसायच्या. गुणाकररावांचं बोट बटणावर, म्हशींचे डोळे मिटलेले. दुपार व्हायची.

"पुनाराम, ये उस पार कब जाएँगी?"

"काहे जाएँगी साहब?" पुनाराम बिडी विझवत म्हणायचा. "इनका घर तो इसी पार है."

या सगळ्यात एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. चारुलताला आफ्रिकेला जायचं होतं. गुणाकररावांपेक्षाही जास्त.

ती बालवर्गाला शिकवायची. वर्गात प्राण्यांचा एक तक्ता होता. तो कपाटात मावत नसे, म्हणून वरचा भाग दुमडून ठेवावा लागे, आणि घडी नेमकी जिराफाच्या मानेवर यायची. रोज सकाळी ती तक्ता उलगडायची, मुलं ओरडायची, आणि रोज दुपारी ती जिराफाची मान मोडून कपाट बंद करायची. शेवटी शेवटी मानेचा कागद इतका विरला होता की पलीकडची भिंत दिसायची. निवृत्तीच्या दिवशी ती तो तक्ता घरी मागणार होती. लाजली, आणि मागितला नाही. तिला एकदा अख्खा जिराफ बघायचा होता, घडी नसलेला. हे ती कुणाला सांगणार, आणि कशी?

या जूनमध्ये नागपूरच्या टूर कंपनीतल्या अंकितचा फोन आला. गुणाकररावांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन सगळ्या घराला ऐकू येतो.

"काका, सप्टेंबरचा ग्रुप आहे. नदी क्रॉसिंगचा एकदम बरोबर टाइम. दोन सीटा ठेवू?"

"ठेवल्या असत्या रे बाबू. पण आमच्या घरी महालक्ष्म्या असते. आमच्या मॅडमशिवाय ते होत नाही. ती काई हलत नाही इथून."

स्वयंपाकघरात चारुलताची पोळी तव्यावर फुगली, आणि तशीच करपली. ती काही हलत नाही! तिला कुणी विचारलं होतं का, हलतेस का म्हणून?

महालक्ष्म्या थोरल्या घरी बसायच्या. सासूनंतर त्या चारुलताकडे आल्या होत्या. पितळी मुखवटे तांदळाच्या डब्यात ठेवलेले असत. वर्षातून एकदा ती ते चिंचेने घासायची, साड्या नेसवायची, सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं स्वतः. राजेगावची धाकटी जाऊ देवश्री दर वर्षी मदतीला यायची आणि दर वर्षी मुखवट्यांकडे जरा जास्तच वेळ बघायची. चारुलताला ते दिसायचं. म्हणून ती देवश्रीला भाज्या चिरायला बसवायची, आंबिलीला हात लावू द्यायची नाही.

त्या दुपारी तिने देवापुढे दिवा लावला, थोडा वेळ बसली, आणि मग राजेगावला फोन केला.

"देवश्री, यंदा महालक्ष्म्या तुह्याकडे बसव."

पलीकडे बराच वेळ नुसती शेळी ओरडत होती. मग देवश्री हळूच म्हणाली, "ताई, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"बरी आहे. मी आफ्रिकेले जाऊन राह्यली."

शेळीसुद्धा थांबली. "आमच्या ह्यायले देऊ का फोन?" देवश्रीने घाबरून विचारलं.

जेवताना चारुलताने वरण वाढलं आणि सांगून टाकलं. "महालक्ष्म्या राजेगावले चालल्या. सप्टेंबर मोकळा झाला तुमचा."

गुणाकररावांचा घास हातातच राहिला. चेहऱ्यावर आनंद यायला हवा होता. आला तो भाव वेगळाच होता, तपासणीला मोठे साहेब येणार कळल्यावर यायचा तसा.

"असं कसं? परंपरा आहे ते."

"मी विचारलं त्यायले. दिवा लावून."

"मंग? काय म्हणाल्या?"

"जा म्हणाल्या."

गुणाकरराव भात कालवत राहिले. "सप्टेंबरात धूळ फार असते म्हणते. लेन्समध्ये जाते."

"बरं. मंग फेब्रुवारी."

"फेब्रुवारीत वल्लरीच्या नणंदेचं लग्न निघालं त्?" वल्लरी म्हणजे त्यांची पुण्याची मुलगी.

"तिले अजून पोरगा पाह्यला नाही कोणी."

"तेच त् म्हणतो. कधीही निघू शकते."

चारुलताने ताट उचललं. बालवर्गात तिने अशी मुलं खूप पाहिली होती. एकाचं पोट दुखतं, ते बरं झालं की पाय दुखतो, आणि पाय बरा झाला की कळतं की गृहपाठच केलेला नाही. इथे गृहपाठ कुठला होता?

दुसऱ्या दिवशी गुणाकरराव म्हशींकडे गेल्यावर तिने अंकितला फोन लावला.

"अंकित, बाळा, काकांचं घोडं कुठं अडते रे?"

अंकित जरा घुटमळला. "काकू, खरं सांगू? दर वर्षी सगळं जमत येतं. पासपोर्ट झाला, व्हिसाचं झालं. मग मी सांगतो की आता ते सक्तीचं पीतज्वराचं इंजेक्शन घ्यायला नागपूरला या. की काका म्हणतात, सीझन बदलू."

"दर वेळी?"

"काकू, एकदा तर मी नुसतं 'इंजेक्शन' म्हटलं, आणि काका म्हणाले त्या महिन्यात ग्रहण आहे."

फोन ठेवून चारुलता ओट्याला टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिला एकेक आठवू लागलं. कोरोनाची लस आली तेव्हा गुणाकरराव म्हणाले होते, आता गर्दी आहे. गर्दी ओसरली तेव्हा म्हणाले, आता उन्हाळा आहे, लस तापत असेल. शेवटी घेतली तेव्हा दोन पोरांनी त्यांना धरलं होतं, आणि घरी येऊन त्यांनी सांगितलं होतं की त्या पोरांनाच भोवळ येत होती. बारा महिन्यांची बारा कारणं होती, आणि सगळ्यांच्या बुडाशी एकच सुई.

तिने भांडण काढलं नाही. संध्याकाळी चहा ठेवला, कप त्यांच्यापुढे सरकवला आणि वर्तमानपत्र वाचता वाचता सहज विचारलं, "कोणत्या हातावर घ्याल?"

गुणाकररावांनी बशीत चहा ओतला. तो निवला. तो त्यांनी पुन्हा कपात ओतला. अंगणात कुणीतरी सायकल लावून गेलं.

"डाव्या," ते शेवटी म्हणाले. "उजव्यानं फोटो काढा लागते."

पुढच्या आठवड्यात ते नागपूरला निघाले. बालाघाटहून गोंदियाकडे जाताना राजेगावला गाडी थांबली. चारुलताने तांदळाचा डबा मांडीवरून उचलून देवश्रीच्या हातात दिला. दिला खरा, पण तिची बोटं क्षणभर झाकणावरच राहिली. देवश्रीने ओढला नाही. तिने डबा नुसता खालून धरून ठेवला, बोटं निघेपर्यंत.

नागपूरला इंजेक्शनच्या खोलीबाहेर गुणाकररावांनी भिंतीवरच्या सगळ्या सूचना दोनदा वाचल्या, आणि एकीत त्रुटी काढली. नाव पुकारल्यावर ते आत गेले, शर्टाची बाही वर केली आणि डोळे गच्च मिटून घेतले. चारुलता दारात उभी होती.

"काका, हात ढिला सोडा," नर्स म्हणाली.

"सोडतो. पण मॅडम, हे इंजेक्शन घ्यायचा सगळ्यात चांगला सीझन कोनता म्हणायचा? म्हंजे पावसाळ्यात घेतलं त्..."

"झालं काका."

"काय झालं?"

"इंजेक्शन."

गुणाकररावांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. दंडावर कापसाचा बोळा होता. त्यांनी तो असा पाहिला, जसा ते ओल्या मातीतला पंजा पाहायचे: नुकताच इथून गेला, आणि पुन्हा आपल्याला दिसला नाही.

"आता हे आयुष्यभर चालतं," नर्स म्हणाली. "पुन्हा घ्यायचं काम नाही."

परतताना ते राजेगावला चहाला थांबले. गुणाकररावांनी डावा हात छातीशी धरला होता आणि देवश्रीला हकिकत सांगत होते. सुई एव्हाना तोफेएवढी झाली होती. समोरच्या फळीवर, नव्या लाल कापडावर, तांदळाचा डबा ठेवलेला होता. देवश्रीने फळी पुसून तिच्याभोवती रांगोळीही काढून ठेवली होती, सणाला इतके दिवस बाकी असून.

गोष्ट संपली तसे गुणाकरराव मोकळे होऊन मागे टेकले. मग त्यांच्या डोळ्यांत ते जुनं, फाईलवाल्याचं तेज आलं.

"चारू, नर्स काय म्हणाली, ऐकलं ना? आयुष्यभर चालते. म्हंजे आता घाई नाही. निवांत फेब्रुवारीत जाऊ. लग्न असो नसो. पिल्लं, हिरवं गवत, धूळ नाही. अन् तुह्या महालक्ष्म्या पण यंदा घरीच होतील."

देवश्रीच्या हातातली चहाची किटली थांबली. तिने वर पाहिलं नाही.

चारुलता डब्याकडे बघत राहिली. डबा गाडीत ठेवायला किती वेळ लागला असता? देवश्रीने काही म्हटलंही नसतं. कापड घडी करून ठेवलं असतं, आणि सप्टेंबरात बालाघाटला येऊन भाज्या चिरल्या असत्या. आणि फेब्रुवारीत काहीतरी निघालंच असतं. तिला तक्त्याची ती घडी आठवली, विरत गेलेली.

"देवश्री," ती म्हणाली, "आंबील करशीन त् ज्वारीचं पीठ आदल्या राती भिजवजो. गुठळी होऊ देजो नोको. एका हातानं घोटत राह्यजो, कोणी आवाज दिला तरी सोडजो नोको."

"हौ ताई."

"अन् अडलं त् मले फोन नोको लावजो. मी तिकडं जिराफ पाहत असन."

देवश्रीने किटली वाकडी केली. चहा कपात पडला, थोडा बशीत, थोडा गुणाकररावांच्या पँटीवर.

"जिराफ?" गुणाकरराव पँट झटकत म्हणाले. "जिराफाचं कधी निघालं? आपण सिंहाले चाललो ना?"

"तुमी सिंहाले चालले."

चहा संपला. गाडीत बसताना गुणाकररावांनी इंजेक्शनचा हात जपून आत घेतला, दार लावलं आणि काच खाली करून शेवटचा प्रयत्न केला.

"पण सप्टेंबरात धूळ असतेच, हे लक्षात ठेव."

"ठेवलं," चारुलता म्हणाली. "घरून फडकं घेते."