सुमनताईंनी रिकाम्या सोडायला लावलेल्या जागा

सुमनताई उकिडवे यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. जपानमधल्या फुनाबोरी स्टेशनच्या मागच्या गल्लीत माझं डाळी-तांदूळ-मसाल्यांचं दुकान आहे. एका दुपारी ताई आल्या, पोह्यांचं पाकीट उजेडाकडे धरलं आणि म्हणाल्या, "हे जाडे पोहे नव्हेत."

"ताई, पाकिटावर लिहिलंय की."

"पाकिटावरचं तुम्हीच छापून घेता. हे भिजवले तर लगदा होईल."

त्यांचं बरोबर होतं, पण दुकानदार असं लगेच मान्य करत नसतो. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात ताईंचं लक्षच उडालं. दाराबाहेर शेजारच्या चिनी खानावळीतल्या आचाऱ्याचा मुलगा उलट्या क्रेटवर बसून शाळेचं इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचत होता. मी ते रोज ऐकायचो आणि चिनीच समजायचो. ताई पोहे काउंटरवर टाकून बाहेर गेल्या आणि इंग्रजीत त्याला म्हणाल्या, "तेच वाक्य पुन्हा वाच. आणि मध्ये श्वास घे."

त्या मुलाचं नाव हाओ. दुसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊन माझ्या दुकानात ताईंची वाट बघत उभा राहिला. सुमनताईंचं जपानमधलं काम सुरू झालं ते असं. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त आमचं इथलं मराठी मंडळ हा गौरवग्रंथ काढत आहे आणि त्यात मी लिहावं असं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, मी ना त्यांचा विद्यार्थी ना सहकारी, मी नुसता त्यांच्या वर्गाचा घरमालक. ताईंनाही विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "लिहा, दत्तोबा. पण हाओचं लिहिणार असाल तरच लिहा. नुसती फुलं वाहायची असतील तर दुसऱ्या कुणाला तरी सांगा." तेव्हा वाचकांनी माफ करावं. हा लेख त्यांच्या अटीप्रमाणे लिहिलेला आहे.

ताई पुण्यातल्या एका शाळेत सारं आयुष्य इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. यजमान गेल्यावर मुलाकडे इथं आल्या. मुलगा आणि सून दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, सकाळी जातात ते रात्री येतात. नातू आजीच्या मराठी प्रश्नाला जपानीत उत्तर देतो. "घरात मला फ्रीज सोडून कुणी दाद देत नाही," असं त्या एकदा हसत म्हणाल्या होत्या. ते हसू शेवटी कसं ओसरलं ते मला ऐकू आलं. माझ्या दुकानावरची खोली रिकामी होती. मी ती उघडून दिली. याचं श्रेय मंडळाने मला फार दिलं आहे, ते इथंच परत करतो. खोलीला ओल होती आणि कुणी भाडेकरू मिळत नव्हता.

हाओमागून आणखी मुलं आली. सगळी चिनी, बारा-पंधरा वर्षांची. आईबाप इथल्या स्वयंपाकघरांत आणि कारखान्यांत आधी आलेले, मुलं आजी-आजोबांकडे वाढून मागाहून आणलेली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, जपानमध्ये सक्तीचं शिक्षण नववीला संपतं. पुढच्या शाळेसाठी प्रवेशपरीक्षा. त्यात जपानी आणि समाजशास्त्रात ही मुलं मार खाणारच. गणित आणि इंग्रजी हीच काय ती दोन दारं. त्यातही इंग्रजीच्या पेपरातले प्रश्न जपानीत विचारलेले. उतारा कळला तरी काय विचारलंय तेच कळत नाही.

म्हणून ताई सत्तरीच्या उंबरठ्यावर जपानी शिकल्या. पण किती? फक्त प्रश्नपत्रिकेपुरतं. 'पुढीलपैकी एक निवडा', 'अधोरेखित शब्दाचा अर्थ लिहा', 'योग्य क्रमाने लावा'. त्याबाहेरचा शब्द त्यांना येत नसे. त्यामुळे भाजीवाल्याकडे गेल्या की सगळ्या वांग्यांकडे बोट दाखवून त्याला हुकूम सोडायच्या, "पुढीलपैकी एक निवडा!" तो बिचारा घाबरून सगळ्यात चांगलं वांगं काढून द्यायचा.

त्यांची शिकवण्याची पद्धत मी लाकडी छतामधून ऐकली आहे. एकाने उतारा मोठ्यानं वाचायचा, मग पुस्तक मिटून तो स्वतःच्या चिनी भाषेत सांगायचा. ताई डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "तिसरं वाक्य कळलेलं नाही. पुन्हा." मी एकदा विचारलं, "ताई, तुम्हाला चिनी कुठं येतं?"

"नाही येत. पण दत्तोबा, माणूस कळलेलं थांबत थांबत सांगतं. न कळलेलं नुसतं धावतं."

तेव्हापासून मी माझ्या पुरवठादारांचं बोलणंही तसंच ऐकतो. बराच फायदा झाला.

शब्दसंग्रहासाठी प्रत्येकाने त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीचा एक नवा इंग्रजी शब्द आणायचा, अशी शिस्त होती. पुस्तकात सहल, वाढदिवस, पाळीव कुत्रा असे शब्द. ही मुलं आणायची ते शब्द निराळे. मेइ नावाच्या मुलीने 'ओव्हरटाइम' आणला. एकाने 'मोल्ड', म्हणजे भिंतीवरची बुरशी, आणि ती आमच्याच भिंतीवरची असल्याने वर्ग माझ्या नावानं हसला. एके संध्याकाळी हाओने 'स्काल्ड' आणला, म्हणजे उकळत्या पाण्याने भाजणं. ताईंनी वाक्यात उपयोग करायला सांगितला. तो म्हणाला, "माय फादर्स हँड इज स्काल्डेड." खाली मी तूर मोजत होतो. माझं माप थांबलं.

रश्श्याचं मोठं पातेलं त्याच्या वडिलांच्या हातावर आणि मांडीवर कलंडलं होतं. त्यानंतर त्यांना खानावळीत अर्धंच काम मिळू लागलं. त्यांनी मुलाला सांगितलं, परीक्षा एकदाच द्यायची. मिळाली शाळा तर शीक. नाही मिळाली तर काकांबरोबर जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात जा. हाओने हे आम्हाला सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. परीक्षा दोन महिन्यांवर होती. ताईंनी त्याला रोज बोलवायला सुरुवात केली. सून रागावली तरी ऐकलं नाही. त्याच्या पोटात काही पडलेलं नसतं हे त्यांना आवाजावरून कळायचं. मग डब्यातून गूळ-शेंगदाण्याचे लाडू यायचे, आणि पहिला लाडू संपेपर्यंत व्याकरण बंद.

ताईंचं एक तत्त्व पुण्यापासूनचं होतं. जे येत नाही ते लिहायचं नाही. अंदाजाने ठोकलेलं उत्तर बरोबर आलं तरी ती चोरी. "येत नसेल तर जागा रिकामी सोडा," हे त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायच्या. मंडळातल्या अनेकांना हे तत्त्व माहीत आहे आणि त्यांनी त्याचं कौतुकही केलं आहे. मीही केलं. एवढी सचोटी आजकाल कुठं बघायला मिळते, असं म्हणालो.

परीक्षेच्या संध्याकाळी हाओ जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत वर गेला. मी खाली होतो. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, शिक्षकाला म्हणायचं 'सेन्सेइ' तेवढं जपानी, पण सगळं ऐकू येत होतं.

"सेन्सेइ, उतारा पूर्ण कळला! मी थांबत थांबत वाचला."

"शाब्बास. आणि प्रश्न?"

"जे येत होते ते लिहिले. जे येत नव्हते ते सोडले. तुम्ही सांगितलं तसं. एकही खोटं लिहिलं नाही."

त्यावर मेइ खदखदून हसली. ती आदल्या वर्षी तीच परीक्षा देऊन शाळेत लागली होती. "सोडले? वेड्या, पर्याय दिलेले असतात ना! इथं चुकल्याचे मार्क कुठं कापतात? मी तर डोळे मिटून ठोकले."

वर खडू फळ्याच्या कडेला ठेवल्याचा आवाज आला.   मग ताईंचा, "किती सोडलेस?" हाओने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही.

तो नापास झाला. थोडक्यासाठी. सोडलेल्यांपैकी काही जागा भरल्या असत्या तर काय झालं असतं याचा हिशेब कुणी मांडला नाही, आणि न मांडताही तो सगळ्यांना कळला होता. काही शाळांत दुसऱ्या फेरीच्या जागा होत्या. पण वडिलांनी 'एकदाच' म्हटलं होतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ताई मला म्हणाल्या, "चला." आम्ही मेइला दुभाषी म्हणून बरोबर घेतलं आणि खानावळीच्या मागच्या दाराशी गेलो. हाओचे वडील एका हाताने कोबीची पानं सोलत होते. ताईंनी कमरेतून वाकून नमस्कार केला. पुण्याच्या बाईला असं वाकलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "तुमच्या मुलाची चूक नाही. त्याला मी चुकीचं शिकवलं. इथली परीक्षा कशी तपासतात ते मी कुणाला विचारलंच नाही. माझा नियम सगळीकडे चालतो असं मी धरून चालले."

मेइने भाषांतर केलं. वडिलांनी कोबी खाली ठेवला आणि काहीतरी म्हणाले.  मेइ म्हणाली, "ते म्हणतात, मुलाने शिक्षकाचं ऐकलं. त्यात चूक काय? तुम्ही घरी जा, थंडी आहे."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं ताई परतताना म्हणाल्या.

पुढच्या वर्गात त्यांनी फळ्याचा तो कोपरा पुसला. "आजपासून एकही जागा रिकामी सोडायची नाही. येत नसलं तरी लिहायचं." मुलांनी टाळ्या वाजवल्या, मुलंच ती. वर्ग संपल्यावर ताई खाली येऊन तांदळाच्या पोत्यावर बसल्या. म्हणाल्या, "दत्तोबा, पुण्यात मी किती जणांना जागा सोडायला लावल्या असतील हो? तिथं कुणी सांगायलाच आलं नाही."

मी म्हटलं, "ताई, चहा टाकतो." 

हाओचं कुटुंब ग्योतोकुला राहायला गेलं. तिथून कारखाना जवळ. सुरुवातीला तो ताईंचा फोन उचलत नसे. ताई बसने निशि-कासाइला आणि तिथून तोझाइ लाइनच्या लोकलने ग्योतोकुला जायच्या आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशी स्टेशनसमोरच्या उपाहारगृहात जाऊन बसायच्या. दोन-तीन खेपा कुणी आलंच नाही. मग एकदा आला, बसला आणि टेबलावर डोकं टेकून झोपला. ताई तो उठेपर्यंत थांबल्या. त्याच्या हातांना लोणच्याच्या मुळ्याचा वास येत होता, एवढंच त्यांनी मला सांगितलं. पुढच्या वेळी पुस्तक नेलं नाही, फक्त लाडू नेले. त्याच्या पुढच्या वेळी त्यानेच विचारलं, "आज काही वाचायचं नाही का?"

ही ये-जा अजून चालू आहे. मंडळातल्या काहींनी मला विचारलं की ताई कार्यक्रमांना का येत नाहीत. कारण रविवारी त्या ग्योतोकुला असतात.

त्यांच्या तब्येतीबद्दल गोड बोलणार नाही. हृदय नीट चालत नाही. पावलं सुजतात. डॉक्टरांनी जिना बंद केला, म्हणून वर्ग आता खाली माझ्या गोदामात भरतो. मुलं पोत्यांवर बसतात आणि मला आता सगळं छताच्या आडोशाशिवाय ऐकू येतं. वाचून दाखवताना पूर्वी ताई एका दमात परिच्छेद संपवायच्या. आता वाक्य संपवतात.

हाओ आता एकोणीस वर्षांचा आहे. दिवसा काम करून संध्याकाळी शिकता येतं अशा सरकारी शाळा इथं असतात. तिथली परीक्षा तो या वसंतात देऊ शकतो, हे ताई त्याला वर्षभर सांगत होत्या. तो नाही म्हणायचा. गेल्या महिन्यात त्यांना एकटं सोडायला नको म्हणून मी बरोबर गेलो होतो. टेबलाच्या एका बाजूला मी नुसता चहा पीत बसलो होतो. हाओ आता जपानी फर्डं बोलतो, पण ताईंशी अजून इंग्रजीतच बोलतो. तो म्हणाला, "ती शाळा चार वर्षांची असते."

"असू दे की," ताई म्हणाल्या.

"मधे मला काही कळलं नाही तर? चार वर्षं मी रविवारी इथं येईन. तुम्ही याल?"

प्रश्न सरळ होता. ताईंनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी चार वर्षांची खात्री दिली नव्हती हे मला ठाऊक होतं, मीच टॅक्सी घेऊन त्यांच्याबरोबर गेलो होतो. जे येत नाही ते उत्तर ही बाई कधीच देत नसे. मी कप खाली ठेवला.

"हो," ताई म्हणाल्या. "येईन."

 हाओने खिशातून पेन काढलं आणि म्हणाला, "कुठला उतारा?"

मंडळाने मला सांगितलं होतं की शेवटी ताईंना शतायुषी व्हा म्हणून शुभेच्छा द्या. शंभराचं मला काही कळत नाही. दुकानदार माणूस, पुरेल एवढंच मागतो. सुमनताईंनी जन्मात पहिल्यांदा एक उत्तर अंदाजाने दिलं आहे. परमेश्वराने ते बरोबर धरावं.