यमुनेत सोडलेल्या डाव्या चपला

"थांब रे, वळेल," हे अण्णा इतक्या खात्रीने म्हणायचे, की दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या स्टॉपवर न थांबता सुसाट गेलेली बससुद्धा लाजून परत येईल असं वाटायचं. बस यायची नाही. मग आम्ही दोघे चालत ऑफिसला. वाटेत अण्णा गटारात पानं सोडायचे आणि कुठलं कुठे अडकतं ते बघत बसायचे. उशीर व्हायचा तो माझा. ते माझे सीनियर होते.

आमचं खातं नद्यांचं. आम्ही बाकीचे नद्या फायलीतच वाहवायचो. अण्णांचा मात्र यमुनेकाठच्या एका पाणथळीवर जीव जडलेला. पुराच्या दिवसांत नदीतून तरंगत येणारं बी, माशांची अंडी, शेवाळ एका अरुंद तोंडातून आत शिरतं आणि त्यावर ती पाणथळ वर्षभर जगते, असं त्यांचं म्हणणं. जेवताना आमटी ढवळून कोथिंबीर वाटीच्या कडेला कशी लागते ते दाखवायचे. वहिनींच्या हातची आमटी त्यांनी गरम असताना खाल्लेली दिल्लीत कुणी पाहिली असेल, तर मला भेटावं.

नेमकं तेच तोंड भराव घालून बुजवायचं ठरलं. सही करायची होती आमच्या डायरेक्टर साहेबांनी. पंजाबी गृहस्थ, आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे आणि गणपतीच्या प्रसादाला न चुकता यायचे.

"अण्णाजी, आपके बीज-वीज तो बीच धार में सीधे निकल जाते हैं," ते म्हणाले. "परसों साइट पर दिखा दो, नहीं तो मैं साइन कर दूँगा."

अण्णांनी आधी नारळ सोडून पाहिले. पण दिल्लीचे पोहणारे ते! नारळ तोंडापाशी पोचायच्या आत काठावर, आणि दुपारपर्यंत देवळासमोर पुन्हा विकायला. त्यातला एक अण्णांनीच विकत घेतला, अशी माझी खात्री आहे.

"कुणी उचलणार नाही असं काहीतरी पाहिजे यार," ते पुटपुटले.

दिवस गणपतीचे होते. त्या संध्याकाळी कॉलनीतली आरती आटोपून आम्ही मंडपाबाहेर आलो, तर प्रत्येकाची रबरी चप्पल एकच, उजवी. डाव्या सगळ्या गायब! एका पायावर उड्या मारत घरी निघालेला अख्खा मराठी समाज पाहून समोरच्या तमिळ आजींनी भक्तिभावाने हात जोडले. त्यांना वाटलं, ही आमची प्रथाच.

दुसऱ्या दिवशी यमुना दुथडी भरलेली. अण्णांनी वरच्या अंगाला होडीतून पोतं रिकामं केलं. चपला निघाल्या बीच धारेतून, नाकासमोर. साहेबांनी पेन काढलं.

"थांबा सर, वळेल."

"कुछ नहीं वळेगा, अण्णाजी!"

तेवढ्यात तोंडाजवळच्या भोवऱ्यात एका चपलेने फुगडी घातली आणि सुळकन आत. तिच्यामागे दुसरी, तिसरी. बऱ्याचशा आग्र्याला गेल्या, खोटं कशाला बोलू. पण भोवऱ्यात सापडलेल्या मात्र वरातीसारख्या रांगेने आत शिरल्या.

साहेब वाकून बघायला लागले. "वो नीली वाली... वो तो मेरी है!"

"अफसर की है सर. इसीलिए सबसे पहले अंदर गई."

साहेब इतके हसले की पेन हातातून पाण्यात पडलं, आणि तेही वळून आत गेलं. पेन बुडतं, हे मलाही कळतं. पण हे गेलं. भरावाची फाईल सहीशिवाय परत गेली आणि तोंड उघडं राहिलं.

आम्ही जीपकडे निघालो, तर अण्णा छातीभर पाण्यात. "पाखरांच्या घरात आपला पसारा नको!" लव्हाळ्यातून एकेक चप्पल वेचली, हात मोकळे राहावेत म्हणून सुतळीत ओवली आणि गळ्यात अडकवली. चपलांचा हार घालून इतक्या ऐटीत चालणारा नवरदेव उभ्या हिंदुस्थानात झाला नसेल.

गेल्या वर्षी अण्णा गेले. शोकसभेत त्यांच्या फोटोला टपोऱ्या मोगऱ्याचा हार होता. माझ्याशेजारी आता पार थकलेले डायरेक्टर साहेब बसले होते. बराच वेळ फोटोकडे बघून ते माझ्या कानाशी वाकले.

"हार थोड़ा हल्का है, नहीं?"