अप्पांच्या दुकानातला फिल्टर

लोहाऱ्याहून उमरग्याला एसटी आहे, पण मी बलभीमच्या जीपने जातो. उमरग्याच्या एका महाविद्यालयात मी लेखा विभागात काम करतो. निवृत्ती जवळ आली तरी वेळेआधी टेबलावर असण्याची माझी सवय गेलेली नाही, आणि बलभीमची जीप भरो न भरो, ठरल्या वेळेला हलते. बाकीचे चालक शेवटची सीट भरेपर्यंत स्टँडवर हाका मारत राहतात. बलभीम म्हणतो, "बसलेल्या माणसाला ताटकळत ठिवून रस्त्यावरच्याला बोलवायचं, हे काय बरं दिसत न्हाय, भाऊसाहेब."

बलभीम कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. आधी वडिलांबरोबर पेरणीला तिफण धरली, मग साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ऊस ओढला, आणि शेवटी ही जुनी डिझेल जीप घेतली. शेती भावाकडे राहिली, पण शेतीचे रिवाज बलभीमने जीपवर आणले. पोळ्याला बैलांबरोबर जीपच्या बंपरलाही गोंडे लागतात. जीपचा कुठलाही नवा पार्ट दसऱ्याच्या आसपास घ्यायचा आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, देवापुढे ठेवूनच बसवायचा, हा त्याचा नेम. मी एकदा म्हणालो, "अरे, पार्ट बिघडला तर दसऱ्यापर्यंत थांबणार का?" तो म्हणाला, "बिघडायच्या आदीच बदलतो मी. मग कशाला थांबावं लागतंय?"

गेल्या वर्षी, जीप घेतल्यापासून पहिल्यांदाच, डिझेल फिल्टर बदलायची वेळ आली. स्टँडला लागूनच गुरुसिद्धप्पांचे स्पेअर पार्टचे दुकान आहे. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि ग्रीसचे इतके डबे उघडझाक करूनही सदऱ्यावर डाग नाही. मी परतीच्या प्रवासातून नुकताच उतरलो होतो, म्हणून बलभीमबरोबर आत गेलो.

अप्पांनी काउंटरवर तीन फिल्टर मांडले. एक जीपच्या कंपनीचा. दुसरा फिल्टरच बनवणाऱ्या बाहेरच्या कंपनीचा. तिसरा दोन्हींपेक्षा चकचकीत, पण कुठे बनला हे खोक्यावर लिहिलेलेच नव्हते. बलभीमने नेमका तोच उचलला.

"तो नवरदेवावानी हाय. मांडवात बघायला बरा," अप्पा म्हणाले. "ठेव खाली."

"मग दुकानात ठिवलाय कशापायी?"

"दाखवायला. वाईट बघितल्याबगर चांगलं पटत न्हाय तुमा लोकांना."

मग त्यांनी दुसरा फिल्टर हातात घेऊन नीट समजावले. डिझेलमध्ये धूळ असते आणि थोडे पाणीही असते. फिल्टरच्या आतल्या कागदाने धूळ अडवायची आणि पाणी तळाशी बसू द्यायचे. ते पाणी सोडायला खाली स्क्रू हवा, वरची रबरी चकती मऊ हवी आणि आटे गाडीच्या आट्यांशी जुळायला हवेत. नाहीतर हवा शिरते. कंपनीच्या फिल्टरशेजारी धरून त्यांनी एकेक गोष्ट दाखवली.

"कंपनीचा घेतलास तर झ्याकच. पर हा त्याच्या तोडीचा हाय अन् तुज्या खिशाला परवडंल. माझ्या टेंपोला हाच हाय. माझ्या नावावर बसव."

"तुमी म्हनल्यावर आता काय बघायचं, अप्पा," बलभीम म्हणाला आणि फिल्टर कपाळाला लावून घेतला.

खंडेनवमीला फिल्टर पूजा होऊन जीपला बसला, दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी पुढे होतो. मागे तारामतीबाई होत्या, पायाच्या जखमेची पट्टी बदलायला उमरग्याला निघालेल्या. उमरगा अजून बरेच लांब असताना जीपने दोन आचके दिले आणि थांबली. बलभीमने बॉनेट उघडून डिझेलचा हातपंप मारला. जीप सुरू झाली, थोडी चालली, पुन्हा बंद पडली. असे तीन-चार वेळा झाले आणि मग ती हललीच नाही. दोन्हीकडे सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं, सावलीला झाड नाही. मागून आलेली जीप आधीच खचाखच भरलेली होती. तारामतीबाई पट्टी बांधलेला पाय ओढत पुढच्या फाट्यापर्यंत चालत गेल्या. बलभीम त्यांच्यामागे पिशवी घेऊन चालला होता.

"राहू दे रं बाबा," त्या म्हणाल्या, "तुझ्या जीपंपरीस माझा पाय बरा. दुखतोय, पर चालतोय तरी."

त्यावर सगळे हसले. बलभीमचे तोंड एवढेसे झाले.

जीप ओढून उमरग्याला नेली. तिथल्या मेकॅनिकला फिल्टरमधून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत कचरा सापडला आणि डिझेलमध्ये पाणी. तो म्हणाला, "फिल्टरचा कागद आतून फाटला असंल. तवाच घाण पुढं आली. माल नकली हाय." त्याने नळी साफ केली, दुसरा फिल्टर चढवला आणि जीप सुरळीत चालू लागली. यात शंका घ्यावी असे काही राहिले नाही. मलाही शंका आली नाही.

संध्याकाळी स्टँड भरलेले असताना बलभीम अप्पांच्या दुकानात शिरला आणि तो काढलेला फिल्टर त्याने काउंटरवर आपटला.

"नकली माल इकतोस व्हय? भस्म लावून बसतोस अन् म्हाताऱ्या बायांना उन्हात चालवतोस?"

आयुष्यभर ज्यांना त्याने 'तुमी' म्हटले त्यांना तो सगळ्यांदेखत अरे-तुरे करत होता. अप्पा उभे राहिले. "बलभीम, बस आधी. बघू दे मला," एवढेच ते म्हणाले. बलभीमने फिल्टर परत उचलला. "बघायला तुझ्या हातात देऊ? म्हंजी बदलून टाकशील!"

पुढच्या आठवड्यात स्टँडवरचे चालक पार्ट घ्यायला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात जाऊ लागले. अप्पांच्या दारात उभे राहून गप्पा मारणारेही हळूहळू कमी झाले.

मला नीट काम करायची खोड आहे. मी बलभीमला म्हणालो, "नुसती आरडाओरड करून उपयोग नाही. ग्राहक मंचाकडे तक्रार करू. पण आधी कागद खरंच फाटलाय का ते पाहू. नाहीतर तक्रार टिकणार नाही."

रविवारी तो फिल्टर घेऊन माझ्या अंगणात आला. त्याने हॅक्सॉ करवतीने पत्रा कापला आणि आतला कागद बाहेर ओढला. कागद घड्याघड्यांचा होता, काळवंडलेला, पण अखंड. आम्ही एकेक घडी उलगडून पाहिली, कुठेही फाटलेली नव्हती. तळाशी पाणीही फारसे नव्हते, म्हणजे टाकीतून पाणी आले नव्हते. फिल्टरने आपले काम केले होते.

मग बलभीमने कागदाच्या मधोमध असलेली नळी जमिनीवर ठोकली. तिथून गाळलेले डिझेल इंजिनाकडे जाते. फरशीवर काही दाणे पडले. ते फुगलेले आणि लालसर होते. त्यांच्याबरोबर झेंडूची एक कुजकी पाकळी निघाली.

मला लगेच कळले नाही. बलभीम मात्र खाली बसला.

"अक्षता हायत," तो म्हणाला. "माझ्याच हातच्या."

पेरणीच्या पहिल्या दिवशी त्यांच्या घरी चाड्याची पूजा होते. तिफणीवरच्या ज्या लाकडी वाटीतून बी जमिनीत सुटते, ते चाडे. त्याच्या तोंडात हळद-कुंकू, अक्षता आणि पळीभर तीर्थ घालायचे, म्हणजे त्या तोंडातून बरकत खाली उतरते, असे वडील सांगत. खंडेनवमीला बलभीमने फिल्टर पाटावर ठेवला. वर प्लॅस्टिकचे टोपण होते. टोपणावर कुंकू लावून काय उपयोग, म्हणून त्याने ते काढले आणि मधल्या भोकात अक्षता टाकल्या, फूल वाहिले आणि पळीने तीर्थ सोडले. फूल काढून घेतले, बाकीचे आतच राहिले. ज्या भोकातून शुद्ध डिझेल जायचे, नेमके त्यातच त्याने ते घातले होते. आधीचे पार्ट म्हणजे ब्रेकचे लायनर, पट्टा, हॉर्न. त्यांना तोंड नव्हते.

"भाऊसाहेब, तक्रार कुणावर लिवायची आता?" तो म्हणाला. तक्रारीची कल्पना माझीच होती, आणि उमरग्यात चार लोकांना मीही सांगितले होते की लोहाऱ्यात अमुक दुकानात जपून जा.

ही गोष्ट आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. बलभीम अप्पांच्या दुकानासमोरून जायचे टाळू लागला. जीप स्टँडच्या पलीकडच्या टोकाला लावू लागला. गाडीत कुणी फिल्टरचा विषय काढला तर तो मुकाट गिअर बदलायचा. मी म्हणालो, "एकदा जाऊन सांगून टाक." तो म्हणाला, "एकट्याला सांगून काय व्हतंय? शिव्या मी चारचौघांत दिल्या." आणि तरी तो चारचौघांतही सांगत नव्हता. "देवाच्या नादात इंजिन बंद पाडलं, असं आयुष्यभर म्हनतील," हेही एकदा त्याच्या तोंडून निघाले.

एका सकाळी मी पुढच्या सीटवर बसलो होतो, तारामतीबाई मागे होत्या, आणि अप्पा स्वतः चालत जीपपाशी आले. हातात कंपनीच्या फिल्टरचा खोका होता. स्टँडवरचे चालक वळून पाहू लागले.

"बलभीम," अप्पा म्हणाले, "हा घे. पैशाचं नाव काढू नको. त्या कंपनीचा सगळा माल मी माघारी धाडला. मला ओळखता आला न्हाय रे. ह्या मावशींना उन्हात चालावं लागलं, ते सारखं मनात येतंय." आणि त्यांनी तारामतीबाईंकडे पाहून हात जोडले.

बलभीमचे हात स्टिअरिंगवर होते. क्षणभर मला वाटले, तो खोका घेणार आणि निघणार. निघण्याची वेळही झाली होती. पण तो खाली उतरला. सीटखालून त्याने कापडात गुंडाळलेला तो कापलेला फिल्टर काढला. तो रोज बरोबर घेऊन फिरत होता, हे मला तेव्हा कळले.

"हात खाली करा, अप्पा. जोडायचे तर म्या जोडायला पाहिजेत." मग त्याने आवाज चढवून सगळ्यांना बोलावले. "या रं इकडं समदे. त्या दिवशी बघायला आला व्हता, तर आजबी या." आणि त्याने कागद दाखवला, दाणे दाखवले, तीर्थाची पळी सांगितली. काहीही राखून ठेवले नाही.

मग तारामतीबाईच म्हणाल्या, "तीर्थ मला द्यायचं सोडून लोखंडाला पाजलंस व्हय रं मुडद्या! मी वर बसल्याली, मला पावलं असतं!"

सगळे स्टँड हसले. कुणीतरी ओरडले, "बलभीम, आता टाकीत परसाद घाल!" बलभीमने ते ऐकून घेतले. तो अप्पांच्या पायाला वाकला, अप्पांनी त्याला वर उचलले. "झालं ते झालं," ते म्हणाले. पण ते हसले नव्हते.

चालक हळूहळू अप्पांच्या दुकानात परतले. या वर्षी दसऱ्याच्या आधी बलभीम पुन्हा फिल्टर घ्यायला गेला. मीही होतो.

"अप्पा, तोच द्या. मागचाच."

अप्पांनी फडताळातून कंपनीचा काढून ठेवला. "तो आता ठेवत न्हाय मी."

"आता तर गावाला ठावं हाय की, माल खरा व्हता."

"माल खरा होता," अप्पा म्हणाले. "पर त्या दिवसांत माझाच माझ्या नजरंवरचा भरवसा उडाला. माझ्या टेंपोचाबी काढून टाकला मी. आता कुणाला 'माझ्या नावावर बसव' म्हनायला जीभ वळत न्हाय." खोका पुढे सरकवून ते जरा हसले. "आणि पूजेला टोपण तेवढं काढू नको."

बलभीमला हसता आले नाही. खोका घेऊन तो जीपमध्ये येऊन बसला. मागे सीटा भरलेल्या होत्या, निघायची वेळ होऊन गेली होती. कुणीतरी मागून म्हणाले, "चल की रं, कुणाची वाट बघतोस?"

त्याने किल्लीला हात लावला, पण फिरवली नाही; तो अप्पांच्या दुकानाकडे बघत होता. मी घड्याळ पाहिले आणि सदऱ्याची बाही त्यावर ओढून घेतली.