खंडेनवमीला पुजलेली जिग

सातपूरच्या एका कारखान्यात मी ड्रिल मशिनवर आहे. लोखंडी पट्टीला भोक पाडताना ती हातानं दाबून धरावी लागायची, मनगटं नुसती भरून यायची. एकदा माझ्या डोक्यात किडा वळवळला. पट्टी आपोआप घट्ट बसेल अशी एक लोखंडी पेटी वेल्डरकडून करून घेतली. आमच्यात तिला जिग म्हणतात. साहेब म्हणाले, "बघा करून, ताई."

बघितलं की! सकाळी झकास चालली. दुपारी पेटीच्या तळाला लोखंडाचा कीस साचला, पट्ट्या तिरक्या बसल्या आणि भोकं वाकडी. सगळा माल बाद. शेजारच्या मशिनवरची मैत्रीण म्हणाली, "नसती उठाठेव सांगितली होती कोणी?" अस्सा संताप आला! साहेबांनी तर बाद पट्ट्या स्वतः मोजून बाजूला ठेवल्या, ते जास्त लागलं. जिग भंगारात टाकली आणि ठरवलं, आता आपण बरं नि आपलं काम बरं. पुन्हा काही सुचवायचं नाही म्हणजे नाही.

मग खंडेनवमी आली. मशिनी धुतल्या, झेंडूचे हार चढले. पाटावर पकडी, हातोड्या मांडलेल्या आणि मधोमध, घासूनपुसून, माझी जिग! साहेबांनीच भंगारातून काढून आणली होती. लाजेनं मेलेच मी.

"साहेब, ही कशाला? हिनं माल घालवला."

"हत्यारच आहे ना ते? शिकतंय अजून."

बाया हसल्या. मला मात्र रडूच फुटलं.

साहेबांनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. जिगखाली झेंडूचं फूल आल्यानं ती एका बाजूला कलली होती. पेटीत पडलेल्या अक्षता घरंगळत कोपऱ्यातल्या फटीतून पाटावर आल्या. मी ओरडलेच, "अगं बाई, उतार! मोरीला देतात तसा तळाला उतार द्यायला हवा होता!" आणि जिग उचलायला गेले. मैत्रिणीनं हातावर चापट मारली. "पूजेतलं हत्यार उचलतात का, येडे?"

दसरा कसा काढला, माझं मला ठाऊक. सोनं वाटतानाही डोक्यात उतारच. कारखाना उघडल्या उघडल्या वेल्डरला गाठून तळ तिरका करून घेतला.

दसऱ्यानंतरची पहिली पट्टी सगळ्यात जुन्या कामगारानं लावायची, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी ते मामा माझ्या मशिनपाशी आले, जिगकडे बघितलं आणि बाजूला झाले. "लाव पोरी, तूच." पदर खोचला आणि लावली. संध्याकाळपर्यंत एक भोक वाकडं गेलं नाही. कीस आपला गुमान खाली पडत राहिला.

यंदा खंडेनवमीला मी पाट मांडत होते. मैत्रीण पदराखाली काहीतरी घेऊन आली. पट्ट्या मोजायचा, तिनंच जुळवलेला एक सांगाडा होता.

"चालत नाही गं अजून," ती हळूच म्हणाली.

मी माझी जिग बाजूला सरकवली. "मग मध्ये ठेव."